बोलियोच्या किनाऱ्यावरील ग्रीक घर

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस येथे आमचा आठवडाभर मुक्काम होता आणि त्यातील एक पूर्ण दिवस मी व्हिला केरिलॉस या प्राचीन ग्रीक धर्तीच्या घरासाठी राखून ठेवला होता. मोनॅकोकडे जाणाऱ्या, सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या गाडीने नीसहून बोलियो-सूर-मेर हे गाव दहा-बारा मिनिटांत येते. गाडीत उजव्या बाजूला बसावे, कारण समुद्र त्याच बाजूला आहे. मात्र व्हिलफ्रांशचा उपसागर दिसला की पुढचेच स्थानक आपले, हे लक्षात ठेवून सामान आवरून घ्यावे. स्थानकापासून घरापर्यंत सावकाश चालत साधारण पंधरा मिनिटे लागतात.

केरिलॉस हे ग्रीक कथांमधील एका शुभशकुनी समुद्रपक्ष्याचे नाव. प्राचीन ग्रीसचे अभ्यासक तेओदोर रेनाक यांनी वास्तुविशारद इमॅन्युएल पोंत्रेमोली यांच्याकडून 1902 ते 1908 या काळात हे घर बांधून घेतले. ग्रीसमधील डेलॉस बेटावर उत्खननात सापडलेली, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील धनिकांची घरे त्यांच्यासमोर नमुना म्हणून होती. ग्रीसमधीलच डेल्फी येथे 1893 मध्ये दगडावर कोरलेले अपोलो देवाचे स्तोत्र सापडले, तेव्हा त्याच्या स्वरलिपीचा उलगडा करणारे हेच रेनाक. ज्या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला, त्या विषयातच राहायला जावे, अशी ओढ मला या घराच्या प्रत्येक दालनात जाणवली आणि म्हणूनच याला नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

प्रवेशद्वारातून आत पाऊल टाकताच थांबून खाली पाहावे. तेथे रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांत कोंबडा, कोंबडी आणि पिल्ले, असे एक कुटुंबच जडवलेले आहे, आणि जवळच ग्रीक अक्षरांत स्वागताचा शब्द आहे. बहुतेक पाहुणे वर बघत पुढे जातात आणि हे चित्र त्यांच्या पायांखालीच राहून जाते.

घराच्या मधोमध उघडा चौक आहे आणि त्याभोवती इटलीतील कॅरारा येथील संगमरवराचे, प्रत्येकी एकाच अखंड दगडातून घडवलेले बारा खांब. आई तेथे टेकली आणि म्हणाली, ‘‘अगं, हा तर वाड्यातला चौकच आहे.’’ मला ते मनापासून पटले. बाहेरच्या बाजूने घर बंदिस्त, उजेड आणि वारा मात्र मधल्या चौकातून सर्व दालनांना, ही रीत डेलॉसवर होती तशी आपल्याकडेही होती. या चौकात निदान वीस मिनिटे काढावीत. ऊन सरकते तशी खांबांची सावली भिंतींवरील चित्रांवरून पुढे जाते आणि तीच चित्रे निराळी दिसू लागतात.

ग्रंथालय सकाळीच पाहावे, कारण ते पूर्वेकडील उजेडाचा विचार करून बांधलेले आहे. भोजनगृहात खुर्च्या नाहीत. पूर्वीच्या ग्रीकांप्रमाणे आडवे होऊन जेवण्यासाठी पलंगवजा आसने आहेत. वरच्या मजल्यावर शयनगृहे आणि न्हाणीघरे आहेत. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही जिना थांबत थांबत चढलो, पण वर येण्याचे तिने सार्थक मानले. रेनाक यांच्या न्हाणीघरात पाण्याच्या निरनिराळ्या धारांची नावे ग्रीकमध्ये लिहिलेली आहेत. विसाव्या शतकातील सोयी या घरात सर्वत्र आहेत. त्या नजरेआड ठेवण्यासाठी मात्र अपार कष्ट घेतलेले आहेत. विजेचे दिवे प्राचीन दिव्यांच्या घाटाचे आहेत आणि प्लेयेल कंपनीचा पियानो बंद केला की निव्वळ लाकडी पेटारा वाटतो. त्यावरही ‘प्लेयेलने घडवले’ अशा अर्थाची ग्रीक ओळ आहे. पियानो दाखवा, असे तेथील कर्मचाऱ्यांना आवर्जून विचारावे.

1928 मध्ये मृत्यूपूर्वी रेनाक यांनी हे घर फ्रान्सच्या विद्वत्संस्थेला, म्हणजे अँस्तित्यू द फ्रांसला दिले, आणि कुटुंबीयांचा तेथील वावर त्यानंतरही चालू राहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात, जर्मन अमलात, ज्यू असल्यामुळे, त्यांचे पुत्र ज्युलियन यांना याच घरातून पकडून नेण्यात आले. दुसरे पुत्र लेआँ, त्यांची पत्नी बेआत्रिस आणि त्यांची दोन्ही मुले आउश्वित्झ येथील नाझी छळछावणीत मारली गेली. हे आधी वाचून जावे. दारातील त्या कोंबड्या-पिल्लांकडे परतताना मी पुन्हा पाहिले, तेव्हा मला तेथून पटकन निघता आले नाही.

जवळच्या सां-जाँ-काप-फेरा येथील व्हिला एफ्रुसी दे रोत्शिल्दही अनेक जण त्याच अर्ध्या दिवसात उरकतात. तसे करू नये. दोन्ही पाहायची असल्यास सकाळी केरिलॉस, मग गावात जेवण आणि दुपारी एफ्रुसी असा क्रम ठेवावा. उघडण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळ पाहावे. दोन गावांमधील वाट समुद्राला लागून आणि बऱ्यापैकी सपाट आहे. आईही ती सहज चालली. थोडे पुढे जाऊन मागे वळावे. मुंग्यांचा उपसागर असे नाव असलेल्या त्या लहानशा खाडीपलीकडे, खडकाच्या टोकावर, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले ते पांढरे घर तेथून पूर्ण दिसते.