डॅशबोर्डवरची क्रोम पट्टी का सुटते

गाडीत लावलेली क्रोम पट्टी महिन्याभरात सुटली की सगळे टेपला नावं ठेवतात. टेप बहुधा चांगलीच असते. दोष असतो तिच्याखालच्या प्लॅस्टिकचा आणि त्यावर वर्षानुवर्षं चोळलेल्या डॅशबोर्ड पॉलिशचा. बहुतेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं आणि सिलिकॉनवर अशी टेप नीट पकड घेत नाही.

बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिली मागे जीभ असलेली, दोन पॅनलमधल्या फटीत दाबून बसवायची. हिचं बहुधा ५ मीटरचं वेटोळं मिळतं. दुसरी सपाट, मागे डबल टेप असलेली. तिसरी एसी व्हेंटच्या पात्यांवर चढवायची, यू आकाराची. याशिवाय ठरावीक मॉडेलसाठी साच्यातून काढलेली गार्निश, म्हणजे सजावटीची कडक कव्हरं, मिळतात. त्यांत एबीएस प्लॅस्टिकवर खरा मुलामा असतो, तर मऊ पट्टीत चकाकणारी पातळ फिल्म पारदर्शक प्लॅस्टिकखाली असते. म्हणून मऊ पट्टीला पितळेची पॉलिश कधी लावू नका; ओरखडे पडून ती धुरकट होते.

पट्टी कुठे लावायची नाही, हे आधी ठरवा. डॅशबोर्डच्या वरच्या सपाट भागावर तर नकोच. तिथली चकाकी पुढच्या काचेत उमटते आणि ऊन समोर असताना रस्त्यावर एक पांढरी रेघ सतत दिसत राहते. दरवाजाजवळच्या एसी व्हेंटभोवतीची रिंगही त्रास देते. बाहेरचा आरसा बघायला मान वळवली की नेमक्या त्याच जागी खिडकीच्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसतं. तिथे काही लावायचंच असेल तर झळाळत्या क्रोमऐवजी सॅटिन, म्हणजे मंद चमकीचं, घ्या. खरं तर सगळ्या केबिनलाच सॅटिन जास्त शोभतं.

एअरबॅगचा नियम याहून कडक. भारतात १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेल्सना चालकाशेजारच्या सीटसाठीही एअरबॅग सक्तीची आहे. तिचं झाकण डॅशबोर्डमध्येच असतं आणि पुष्कळदा त्याची शिवण वरून दिसतही नाही. त्या भागावर, स्टिअरिंगच्या मधल्या पॅडवर किंवा जिथे 'एअरबॅग' अशी खूण कोरलेली आहे तिथे काहीही चिकटवू नका. एअरबॅग क्षणार्धात फुगते आणि वाटेतली कडक पट्टी थेट माणसाच्या अंगावर येते.

फटीत बसवायची पट्टी सगळ्यांत सोपी, कारण तिला टेपच लागत नाही. आधी दोरा फटीवर धरून लांबी मोजा आणि १० टक्के जास्त घ्या. एटीएम कार्ड थोडा जोर लावल्यावर आत जातं, अशी फट बहुधा जमते. तरी दोन बोटांएवढा तुकडा आधी बसवून पाहा. फट रुंद असली की पट्टी खडखडते आणि खड्ड्यात बाहेर येते. अरुंद असली की जीभ दुमडते. स्क्रू-ड्रायव्हरने ढकलू नका, पॅनलची कडा कायमची खरचटते. प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं कार्ड वापरा. वळणावर जिभेला दर अर्ध्या सेंटिमीटरवर इंग्रजी व्ही आकाराची खाच मारा, म्हणजे जीभ गोळा होणार नाही आणि वरचा क्रोमही सुरकुतणार नाही.

टेपच्या पट्टीला मात्र तयारीच जास्त लागते. पॅनल निघत असेल तर त्याची मागची बाजू बघा. प्लॅस्टिकचं नाव तिथे छापलेलं असतं. एबीएस असेल तर काम सोपं. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर साधी टेप उचकटणारच, कारण या प्लॅस्टिकवर गोंद पसरतच नाही. तिथे टेप धरावी म्हणून आधी लावायचं द्रव, म्हणजे थ्रीएम कंपनीचं प्रायमर ९४ किंवा तसंच दुसरं प्रायमर फक्त टेपच्या रुंदीएवढं, पातळ लावून पूर्ण सुकू द्या. ते ज्वालाग्राही आहे; दारं उघडी ठेवा.

प्रायमरच्या आधी सफाई. शाम्पूच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन दोनदा पुसा. दर वेळी कापडाची नवी बाजू. हँड सॅनिटायझर चालत नाही. त्यातल्या ग्लिसरिनचा थर मागे राहतो. चिकटवताना पॅनल २१ ते ३८ अंशांच्या दरम्यान असावं. निफाडच्या डिसेंबरातल्या सकाळी हेअर ड्रायरने आधी ऊब द्या. मे महिन्यात गाडी सावलीत निवू द्या. कोकणात पावसाळ्यात पृष्ठभागावर दमटपणा राहतो, तेव्हा थोडा वेळ एसी चालवून केबिन कोरडी करा.

सगळ्यांत मोठी चूक इथे होते: रेघ सरळ यावी म्हणून पट्टी ताणली जाते. ताणलेलं प्लॅस्टिक उन्हात आकसून मूळ लांबीवर येतं आणि दोन्ही टोकं उघडतात. मास्किंग टेपने रेघ आखा, पट्टी सैल हाताने ठेवा, टेपवरचा कागद एकदम न काढता वीतभर काढत पुढे सरका आणि प्रत्येक टप्प्यावर अंगठ्याने जोरात दाबा. अ‍ॅक्रिलिक फोम टेपची (पट्टीमागची डबल टेप बहुधा हीच) पकड २० मिनिटांत साधारण निम्मी होते, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण. तेवढे तीन दिवस गाडी कडक उन्हात लावू नका.

व्हेंटच्या पात्यांवरच्या यू आकाराच्या काड्या पात्याहून १ मिलिमीटर कमी लांबीच्या कापा. पुऱ्या लांबीच्या ठेवल्या तर पातं कडेला घासून अडकतं. एक काडी बसवून व्हेंट पूर्ण वर-खाली करून पाहा, शेजारची पाती एकमेकांवर आपटत नाहीत ना ते बघा, मगच पुढची लावा.

काढायची वेळ आली तर ड्रायरने गरम करून मासेमारीचा नायलॉन दोरा टेपमधून करवतीसारखा ओढा. उरलेला गोंद बोटाने गोळी करून निघतो, राहिलेला अल्कोहोलने. पेट्रोल किंवा थिनर लावलं तर एबीएस पॅनलची चमक जाते, ते तडकूही शकतं.