आधी कडा, मग स्क्रीन

दिवाळी अंकांची मुद्रितं हातावेगळी झाली आणि त्याच आठवड्यात मी नवीन लॅपटॉप घेतला. जुना २०१५चा होता. चालत होता अजून, पण विंडोज ११ त्याच्यावर बसत नव्हतं. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी अलीकडचा लागतो. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. माझ्याकडे लोकांनी विश्वासानं पाठवलेली, अजून न छापलेली लिखाणं असतात. ती तशा मशीनवर ठेवणं मला पटेना.

घेतला तो थिंकपॅड, चौदा इंची. खोकं मिरजेच्या घरी पोचलं त्या संध्याकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला.

"मावशी, चालू केलास का?"

"नाही रे. आज फक्त बघणार आहे. उद्या चालू करीन."

"बघायचं काय त्यात?"

त्याला ते विचित्र वाटलं असावं, पण माझ्याकडे कारण होतं. जुन्या लॅपटॉपला यूएसबीची तीन भोकं, म्हणजे पोर्ट, होती, दोन काळी आणि एक निळं. हाताजवळचं काळं होतं, म्हणून वर्षानुवर्षं पेनड्राइव्ह त्याच्यातच घातला. आतली पट्टी निळी असेल तर ते बहुतेक यूएसबी ३, काळ्यापेक्षा दहापट वेगाचं, हे मला अगदी शेवटी कळलं. पुस्तकाच्या मोठाल्या पीडीएफ कॉपी होण्याची वाट बघत मी किती संध्याकाळी बसले असेन! तेव्हाच ठरवलं होतं की पुढचा लॅपटॉप येईल तेव्हा आधी त्याच्या कडा वाचायच्या. पुस्तक हातात घेतलं की मी आधी मुखपृष्ठाच्या मागचं पान वाचते, तसंच.

जेवणाच्या टेबलावर चादर घातली, टेबललॅम्प ओढला, भिंग घेतलं. भिंग हवंच, कारण पोर्टांशेजारच्या खुणा फार बारीक असतात आणि काळ्यावर करड्या छापलेल्या असतात. टॉर्चच्या उजेडात तिरपं धरलं की दिसतात.

डाव्या कडेला दोन टाइप-सी, एक जुन्या पद्धतीचं चौकोनी टाइप-ए, मग मॉनिटर जोडायचं एचडीएमआय आणि शेवटी हेडफोनचं गोल भोक. उजवीकडे आणखी एक टाइप-ए, लॅनच्या केबलचं पोर्ट आणि अगदी बारीक एक खाच. ती खाच साखळीच्या कुलपासाठी असते, ग्रंथालयात किंवा प्रदर्शनात लॅपटॉप टेबलाला बांधून ठेवायला. मला तिचा उपयोग नाही, पण नाव कळलं की ती अनोळखी राहत नाही. कॅमेऱ्याच्या कार्डाची खाच मात्र कुठेच नाही. ज्यांना फोटो उतरवून घ्यायचे असतात त्यांनी विकत घेण्याआधी हे बघावं. वेगळा कार्ड रीडर घ्यावा लागतो.

दोन टाइप-सी दिसायला जुळी. आत चोवीस संपर्कबिंदू, केबल उलटी सुलटी कशीही घाला. पण एकाशेजारी विजेच्या बाणाची खूण आहे, दुसऱ्याशेजारी नाही. बाण म्हणजे थंडरबोल्ट ४, डेटा आणि चित्र दोन्ही वेगानं नेणारं, सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंत. चार्जर दोन्हींत चालतो. मी ठरवून टाकलं की चार्जर बिनबाणाच्या भोकात, बाणाचं कामासाठी मोकळं.

दोन टाइप-एमध्येही तोच भेद निघाला. डावीकडच्याशेजारी त्रिशूळासारखी खूण आणि जवळ 'एसएस' अशी अक्षरं. उजवीकडे नुसता त्रिशूळ, म्हणजे यूएसबी २, सेकंदाला ४८० मेगाबिटपर्यंत. 'एसएस'वाल्याचा वेग ५ गिगाबिटपर्यंत. या वेळी आतल्या पट्टीच्या रंगावर विसंबले नाही, कारण सगळेच उत्पादक रंग पाळत नाहीत. खूण बघणं जास्त खात्रीचं. मग उजवीकडचं माउससाठी ठेवलं. माउसला वेग कशाला लागतोय? आणखी एक खूण कुठल्याही लॅपटॉपवर शोधण्यासारखी आहे: यूएसबीशेजारी छोट्या बॅटरीचं चित्र. तिथे लॅपटॉप झोपलेला असतानाही फोन चार्ज होतो.

हेडफोनचं भोक एकच, पण ऐकणं आणि बोलणं दोन्ही त्याच्यातून. फोनच्या इअरफोनच्या पिनेवर तीन काळ्या किंवा पांढऱ्या कड्या असतात, त्या इथे चालतात. माझ्या जुन्या हेडफोनला दोन वेगळ्या पिना होत्या, एक हिरवी एक गुलाबी. त्यांच्यासाठी दोन पिना एकत्र आणणारा जोड घ्यावा लागला.

लॅपटॉप उलटा केला. पोटावर हवा आत घ्यायच्या जाळ्या, म्हणजे उशीवर किंवा गादीवर ठेवून काम करायचं नाही. आणि टाचणी जाईल एवढं एक भोक. हे रिसेटचं. लॅपटॉप अडकला, बटण दाबूनही हालेना, तर चार्जर काढून त्या भोकात सरळ केलेली कागदाची क्लिप हलकेच दाबायची, मग चार्जर लावून पुन्हा सुरू करायचा. त्यासाठी फोनची सिम बदलायची पिन मी त्याच दिवशी चार्जरच्या पिशवीत टाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालू करायला बसले. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. क्षणभर पोटात गोळा आला. मग पुस्तिकेतली ओळ आठवली: पहिल्यांदा चार्जर लावूनच सुरू करा. कारखान्यातून निघताना कित्येक लॅपटॉपची बॅटरी झोपवून ठेवलेली असते, वाटेत संपून खराब होऊ नये म्हणून. चार्जरची वीज मिळाली की ती जागी होते.

चार्जर लावला आणि झाकणावरच्या नावात इंग्रजी 'आय' अक्षरावर जो टिंब आहे तो लाल होऊन तीनदा लुकलुकला. वीज पोचली, असं तो सांगतो. स्क्रीन अजून काळीच होती, पण मला उत्तर मिळालं होतं. चार्जरच्या पोर्टाजवळचा बारीक दिवा नारिंगी लागला. बॅटरी भरत आली की तो पांढरा होतो. आता बटण दाबलं, टिंब स्थिर लाल झाला, स्क्रीन उजळली.

झाकण मिटून ठेवल्यावर तोच टिंब संथपणे, श्वास घेतल्यासारखा लुकलुकत राहतो. म्हणजे झोपलाय, बंद झालेला नाही, बॅटरी खातोय. पिशवीत भरून प्रवासाला न्यायचा असेल तर नीट शटडाउन करून टिंब विझल्याची खात्री करायची. कीबोर्डवरही दिवे आहेत. एफ१वरचा लागला की आवाज बंद, एफ४वरचा लागला की माइक बंद. ऑनलाइन बैठकीत "ऐकू येत नाही ताई" असं कुणी म्हटलं की मी आधी एफ४कडे बघते. कॅमेऱ्याच्या वर सरकणारी बारीक पडदी आहे. ती लावली की भिंगासमोर लाल ठिपका दिसतो. एफएन आणि स्पेसबार मिळून दाबला की कळांखाली उजेड येतो, रात्री फार बरा पडतो.

चार्जर लावलेला असताना हात टेकवले तर तळव्याला मुंग्या आल्यासारखं व्हायला लागलं. धातूच्या झाकणावरून बोट फिरवलं की जास्तच. चार्जर काढला की थांबायचं. पहिला संशय लॅपटॉपवर गेला, पण शेजारच्या काकूंकडे नेऊन लावला तर काही नाही. म्हणजे दोष आमच्या घरच्या वायरिंगचा. वायरमन आला, त्यानं टेस्टर आणि बल्ब लावून दाखवलं की त्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंगच पोचत नव्हतं. मागे कधी तरी भिंत फोडली तेव्हा हिरवी वायर तुटून राहिली होती. चार्जरच्या आत विजेतला गोंगाट दाबणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून किंचित करंट धातूकडे झिरपतो. तीन पिनांतली वरची जाड पिन जमिनीला जोडलेली असेल तर तो तिकडून निघून जातो, नसेल तर आपल्या हाताला जाणवतो. अर्थिंग जोडलं आणि मुंग्या थांबल्या. जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येकानं हे तपासून घ्यावं असं मी कळकळीनं सांगेन. लॅपटॉपच्या मुंग्या किरकोळ असतात, पण त्याच घरात गीझर आणि वॉशिंग मशीनही असतात.

आता सेटअप. देश भारत, कीबोर्ड, वायफाय इथपर्यंत सरळ. आमचं वायफाय त्या खोलीत कमी पडतं म्हणून राउटरची केबल लॅनच्या पोर्टात घातली. तिथे दोन दिवे: हिरवा स्थिर म्हणजे जोडलं गेलं, पिवळा लुकलुकतो म्हणजे माहिती येते जाते आहे. नेट बंद पडलं की दोष केबलचा की कंपनीचा हे या हिरव्यावरून बऱ्यापैकी कळतं. पुढे मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं. जुना ईमेल आणि त्याचा पासवर्ड आधीच कागदावर लिहून ठेवला होता, नाही तर इथेच अर्धा तास गेला असता. मग बोटाचा ठसा, तो चालू करायच्या बटणावरच घेतात, आणि एक पिन क्रमांक.

इथे एक गोष्ट फार थोडे लोक करतात आणि ती मी जोर देऊन सांगते. विंडोज ११च्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, म्हणजे एन्क्रिप्ट होते. चांगलंच आहे, चोरीला गेला तर आतलं लिखाण कुणाच्या हाती लागत नाही. पण मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बदलला किंवा काही आतली सेटिंग्ज हलली तर सुरू होताना तो 'रिकव्हरी की' म्हणजे कुलूप उघडायचा आकडा मागतो, ४८ आकडी, सहा सहा आकड्यांचे आठ गट. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. मी त्याच दुपारी खात्यात जाऊन ती शोधली, वहीत उतरवली, दोनदा ताडून पाहिली आणि वही कपाटात ठेवली. मुद्रित तपासताना मी पानाला नसतं दिलं तेवढं लक्ष त्या ४८ आकड्यांना दिलं.

मराठीचं थोडं वेगळं निघालं. माझ्या लॅपटॉपवर विंडोजची होम सिंगल लँग्वेज आवृत्ती आहे, इकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक लॅपटॉपवर ती असते. तिच्यात पडद्यावरच्या सूचनांची भाषा बदलता येत नाही. टाइप करायच्या भाषा मात्र हव्या तेवढ्या घेता येतात. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' उघडून मराठी जोडली. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड (कळांवर थेट देवनागरी अक्षरं) आणि फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंगनं मराठी), दोन्ही मिळतात. माझा हात इन्स्क्रिप्टवर बसलेला, 'डी'च्या कळीवर हलंत, 'के'वर क. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल. जुन्या फाइलींपैकी ज्या युनिकोड या आजच्या सार्वत्रिक पद्धतीच्या आधीच्या फॉन्टात होत्या त्या उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं दिसली. घाबरायचं कारण नाही, मजकूर जागेवर असतो. तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर टाकला की अक्षरं परत येतात.

मोठा मॉनिटर जोडताना मात्र अडकले. मॉनिटरला टाइप-सी होतं, लॅपटॉपला टाइप-सी, घरात फोनची टाइप-सी केबल. जोडली, मॉनिटर काळाच. दोन्हीकडे भोकं बदलून पाहिली. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मावशी, भोक बरोबर आहे, केबल चुकीची आहे." फोनबरोबर येणाऱ्या पुष्कळशा केबली चार्जिंगच्या आणि थोड्याशा डेटाच्या असतात, चित्र वाहून नेणाऱ्या तारा त्यांच्यात नसतातच. टोकं सारखी, आतली वस्तू वेगळी. तोवर एचडीएमआयवर काम भागवलं आणि चार दिवसांनी टोकावर विजेचा बाण असलेली केबल आणली. आता एकाच केबलनं चित्रही जातं आणि मॉनिटरकडून लॅपटॉप चार्जही होतो. तो लाल टिंब तीनदा लुकलुकला तेव्हाच कळलं की जमलं. जुनी केबल फेकली नाही. तिच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून 'फक्त फोन' असं लिहून ठेवलं.

शेवटी जुना मजकूर आणायचा होता, बाहेरच्या हार्डडिस्कवर ६० जीबी. आधी मुद्दाम उजवीकडे लावून पाहिलं, विंडोजनं अर्ध्या तासाच्या आसपास वेळ दाखवला. थांबवलं, काढलं, डावीकडच्या 'एसएस'मध्ये लावलं. दहा मिनिटांत सगळं आलं, चहा उकळेपर्यंत.

मग हातातली फाइल उघडली. एका कथेच्या दुसऱ्या पानावर 'दुसर्‍या'ला रफार लागून 'दुसर्या' झालं होतं, नेहमीची चूक. शिफ्ट दाबून 'जे', मग 'डी', मग य. 'दुसऱ्या'तला अर्धा र जिथे हवा तिथे बसला, आणि मी पुढच्या ओळीवर गेले.