पेन्सिल, केळं, रेल्वे: एकाच माळेचे मणी!

आज जपानीच्या क्लासमध्ये मोजणी सुरू झाली आणि डोक्याची पार मंडई झाली.

व्याकरणापर्यंत मजेत चाललं होतं. 'वाताशि वा रिंगो ओ ताबेमासु', मी सफरचंद खातो. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, आणि वा, ओ, नि हे शब्दाच्या मागे लागणारे, म्हणजे जवळपास आपले विभक्तीप्रत्ययच. मराठी माणसाला घरच्यासारखं!

पण मोजायला नुसतं इचि, नि, सान (एक, दोन, तीन) चालत नाही. आधी वस्तू कशी आहे ते बघायचं आणि आकड्याला तसा शब्द जोडायचा. कागद, शर्ट असं चपटं असेल तर 'माइ'. पुस्तकांना 'सात्सु'. लांबट असेल तर 'होन', तेही सरळ नाही: 1 इप्पोन, 2 निहोन, 3 सानबोन. पेन्सिल, छत्री, केळं समजू शकते हो, पण रेल्वेच्या फेऱ्या आणि सिनेमेसुद्धा 'होन'मध्येच?

कुत्र्या-मांजरांना 'हिकि', पक्ष्यांना 'वा'. आणि सशालाही 'वा'! म्हणे चार पायांच्या प्राण्याचं मांस भिक्षूंना निषिद्ध, म्हणून सशाला पक्ष्यांत ढकलला. खरंखोटं देव जाणे, पण पळवाट झकास आहे.

तूर्तास हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु (वस्तूंसाठीचे सर्वसाधारण एक, दोन, तीन) घोकतेय. दहापर्यंतच्या वस्तू त्यात बऱ्याचशा निभावतात. दुकानात दहाच्या वर काही घ्यायचंच नाही, झालं!