तुम्ही विचारलंत म्हणून: वादळाच्या फोटोंत वादळ कुठंय?

हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की म्हटलं एकदाच बसून लिहून टाकावं, पुढच्या वेळी नुसतं हे पाठवून मोकळा. होतं काय, कुणीतरी म्हणतं निसर्ग चक्रीवादळाचे तुझे कोकणातल्या श्रीवर्धनचे फोटो दाखव, मी दाखवतो, आणि त्यातले निम्मे वादळाच्या आधीचे असतात. वाडीत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पडलेली सुपारी वेचणाऱ्या काकू, जीवना बंदरावर जाळं शिवत बसलेले नाखवा, गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसून मोबाईलमध्ये डोकं घातलेली पोरं. बघणारा भराभर स्क्रोल करतो, शेवटाकडे पडकी घरं येतात तिथे जरा थांबतो आणि मग विचारतो, छान आहेत रे, पण वादळ कुठंय?

आहे ना. सगळ्यात जास्त त्या काकूंच्या फोटोतच आहे, फक्त ते कसं ते जरा सांगावं लागतं.

२०२० च्या मार्चमध्ये मी गावी गेलो आणि लॉकडाऊन लागला, मग राहिलोच. कॅमेरा बरोबर होता, काम काही नव्हतं, तर समोर दिसेल ते काढत बसलो, पाटाचं पाणी, अंगणात वाळत घातलेली सुपारी, वलांडीवर वाळत टांगलेले बोंबील, रेशनच्या रांगेतले मास्क. कुणाला दाखवायचे म्हणून नव्हतेच ते. आणि ३ जूनला दुपारी निसर्ग आलं. अलिबागच्या दक्षिणेला, म्हणजे आमच्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातच किनाऱ्यावर चढलं, हवामान खात्याच्या हिशोबाने वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोत १२० पर्यंत. २००९ च्या नोव्हेंबरमधलं फयान चक्रीवादळ लोकांच्या लक्षात होतं, त्यामुळे आदल्या रात्रीपर्यंत बरेचजण म्हणत होते की तसंच हेही येईल नि जाईल.

आता फोटोचं बोलू. आमच्याकडची वाडी ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगतो, वर पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आणि नारळ, मधल्या उंचीवर जायफळ, खाली केळी, पोफळीच्या खोडांवर मिरीचे वेल. भर दुपारीसुद्धा आत हिरवा अंधार असतो, मे महिन्यातही गार लागतं. काकूंचा तो फोटो मी दुपारी बाराच्या सुमाराला काढलाय आणि तरी आयएसओ ८००, एफ ५.६, शटर १/१०० ठेवावं लागलं होतं. त्यांच्या पाठीवर उन्हाचे कवडसे आहेत, रुपयाच्या नाण्याएवढे, बाकी सगळं सावलीत. वादळानंतर जूनमध्ये एक दिवस चांगली उघडीप मिळाली, तेव्हा त्याच विहिरीजवळ, त्याच वेळेला उभा राहिलो तर तेच अॅपर्चर ठेवून आयएसओ १०० आणि शटर १/८००. फोटो काढणाऱ्यांना कळेल, सहा स्टॉपचा फरक आहे हा. न काढणाऱ्यांसाठी सांगायचं तर त्या जागी आता चौसष्टपट उजेड होता. वाडीत ऊन आलं होतं हो, सरळ जमिनीपर्यंत, आणि ही आमच्याकडे चांगली बातमी नसते. जायफळाला सावली लागते, उघड्यावर पडलं की पानं करपतात. पावसाळा संपल्यावर उरलेल्या पोफळींच्या खोडांनाही एका बाजूने ऊन लागायला लागलं, ऊन लागलेलं खोड पुढे चिरतं, त्यात कीड-बुरशी शिरते आणि वादळातून वाचलेलं झाड असं नंतर जातं. हे सगळं दुसऱ्या फोटोत दिसतच नाही, दुसऱ्या फोटोत नुसती लख्ख मोकळी जागा आहे, बघणाऱ्याला वाटेल प्लॉट पाडलाय. पहिला शेजारी ठेवला तरच तो वादळाचा फोटो होतो.

तसाच एक सुपारी काढणाऱ्याचा आहे. पोफळीवर चढलेला माणूस प्रत्येक झाडाला खाली उतरत नाही, वरच्या वर झाड हलवून झोका घेतो आणि शेजारचं झाड धरून त्यावर जातो, असं करत अख्खी रांग संपवूनच खाली येतो. माझ्या फोटोत तो दोन झाडांच्या मधे आहे, एक हात इकडे एक तिकडे, दोन्ही झाडं वाकलेली. लोकांना हा फोटो आवडतो कारण सर्कशीसारखा दिसतो. वादळानंतर त्याच वाडीत झाडं उरली ती एक इथे तर एक पार तिकडे. झोका कुठून घेणार. आता प्रत्येक झाड चढा आणि उतरा, म्हणजे दिवसाला होणारी झाडं कमी, आणि मजुरी त्यालाही परवडत नाही नि मालकालाही. या उतरण्याचा फोटो मी काढून बघितला, काहीच दिसत नाही त्यात, एक माणूस झाडावरून उतरतोय, बस.

पडझडीचे फोटो काढले नाहीत असं नाही, ढिगाने आहेत. त्यातला एक मला स्वतःला महत्त्वाचा वाटतो, एकावर एक पडलेल्या पोफळींचा. नीट बघितलं तर खालच्या थरातल्या झाडांचे शेंडे समुद्राकडे आहेत आणि वरच्या थरातल्यांचे डोंगराकडे. कारण वारा आधी डोंगराच्या बाजूने आला, मग फिरला आणि समुद्राकडून आला, पहिल्याने जे पाडलं त्यावर दुसऱ्याने बाकीचं आडवं केलं. हा फोटो बुंध्याजवळ बसून काढावा लागतो. ड्रोनमधून काडेपेटी सांडल्यासारखं दिसतं सगळं. ड्रोनवर माझा राग नाही, किती पडलं ते त्यातूनच कळतं, पण कुणाचं पडलं ते कळत नाही, आणि टीव्हीवर दोन दिवस तेच फिरत होतं. आम्ही ते बघितलंही नाही म्हणा, कारण लाईट नव्हती, रेंज नव्हती, आमचं गाव कसं दिसतंय हे मुंबईतल्या नातेवाईकांना आमच्याआधी कळलं.

मग पंचनामे सुरू झाले आणि माझी खरी फोटोग्राफी तिथे झाली असं मी मानतो. सकाळी उठलो की कुणीतरी ओटीवर हजर, दादा जरा चल, आमचं आढं मोडलंय, तेवढा फोटो काढून दे. हे फोटो कसे हवेत ते लोकांनीच मला शिकवलं. घर अख्खं दिसलं पाहिजे, घरमालक समोर उभा पाहिजे, शेजारचं काहीतरी ओळखीचं फ्रेममध्ये पाहिजे म्हणजे जागा नाकारता येत नाही. सरळ उभं राहून, दिवसाउजेडी, कसलीही कलाकारी नको. मी सवयीने एका फुटलेल्या कौलाचा जवळून फोटो घेतला, पाण्याचा थेंब वगैरे होता त्यावर, तर त्या घरच्या आजी म्हणाल्या, अरे बाबा, एका कौलाचे ते काय देणार, मागे हो, मागे.

पैशाचा हिशोब पण सांगतो, कारण त्याशिवाय हे फोटो कळत नाहीत. फळबागांना आधी मदत जाहीर झाली हेक्टरी ५० हजार. ऐकायला बरं वाटतं, पण आमच्याकडे वाड्या हेक्टरात नसतात, गुंठ्यात असतात, त्यातही भावाभावांत वाटण्या झालेल्या. हेक्टरात साधारण शंभर गुंठे धरा, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये आले. दहा गुंठ्यांची वाडी आडवी झाली तर पाच हजार, आणि तेवढ्यात पडलेली झाडं कापून बाहेरही काढता येत नाहीत. मग आरडाओरडा झाला आणि झाडामागे मदत द्यायचं ठरलं, सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. आता झाडं मोजणं आलं, आणि लोकांनी तर वाट करायला, विहिरीपर्यंत पोचायला म्हणून अर्धी झाडं आधीच तोडून बाजूला टाकलेली. तिथे माझे ते एप्रिल-मेमधले काही न घडणारे फोटो बाहेर आले. लॅपटॉप कुणाच्या तरी जनरेटरवर चार्ज करायचा आणि बसायचं मोजत, ही विहीर, ही रांग, यात किती दिसतात बघ. पुराव्याला किती धरले ते सोडा, पण मालकालाच आपली झाडं किती होती याचा अंदाज त्यातून आला. सुपारी वेचायला वाकलेल्या काकूंच्या मागे कुणी झाडं मोजेल असं मला काढताना कुठे माहीत होतं.

बाहेरून येणारे फोटोग्राफर आमच्याकडे इतिहास काढायला येतात. येऊ देत, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं हे गाव, शेजारच्या दिवेआगरात शके ९८२ चा मराठी ताम्रपट मिळालेला, देवळं जुनी, तर येणारच. पण त्यांच्या फ्रेममधून लाईटचा खांब, पत्र्याची शेड, वाळत घातलेले टॉवेल काढून टाकलेले असतात आणि मला नेमकं तेच हवं असतं. देवळाचे फोटो कुणाकडेही मिळतील. मंगलोरी कौलं जाऊन पत्रे कधी आले हे विचारलंत तर मी तारखेनिशी दाखवू शकतो, २०२० च्या पावसाळ्याआधीचे आळीचे फोटो लालसर आहेत आणि दिवाळीनंतरचे निळे.

रडणाऱ्या लोकांचे फोटो काढलेस का, हाही एक जोडप्रश्न असतो. दोन-तीन काढले होते. नंतर ज्यांचे त्यांना दाखवले, एकांनी ठेव म्हटलं, बाकीच्यांनी नको म्हटलं, म्हणून ते नाहीत, एवढंच. इथे फोटो टाकून मी मुंबईला पळून जाणार नसतो, उद्या त्यांच्याच दारावरून दूध आणायला जायचं असतं.

त्या पावसाळ्यात लावलेली पोफळीची रोपं आता सुपारी धरायला लागलीत. सुपारीला पाच-सहा वर्षं लागतात, कुठे आठसुद्धा. पहिली शिंपुटं, म्हणजे सुपारीचे घोस, खाली उभं राहूनच काढता येतात, चढणारा लागत नाही, त्यामुळे झोक्याचा तसा फोटो आणखी बरीच वर्षं मिळायचा नाही. तो फोटोतला चढणारा परवा भेटला होता, त्याला म्हटलं झाडं उंच झाली की परत काढू. म्हणाला, दादा, तवर माझे गुडघे राहतात काय, तूच चढ, मी खालून काढतो.