आमची वाटचाल : सोलापुरी टॉवेल, दुबईमार्गे

आजोबा तेलंगणातून सोलापूरला आले ते दुसऱ्याच्या मागावर बसायला. वडिलांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत स्वतःचे माग टाकले आणि चादर सोडून टेरी टॉवेल धरला. निर्यातीचं खूळ माझं. पण धंद्याला खरा हात दिला तो 1 मे 2022 नं. त्या दिवशी भारत-यूएई व्यापार करार लागू झाला आणि दुबईत आमच्या मालावरची पाच टक्के ड्यूटी गेली.

हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलमध्ये पाच टक्के नफा सुटला तर डोक्यावरून पाणी. कराचीच्या मालापुढे आम्ही भावात कायम मार खायचो. करारानंतर दुबईचा व्यापारी स्वतःहून फोन करू लागला. अर्थात त्या पाचातले दोन त्यानं पहिल्याच ऑर्डरला काढून घेतले, व्यापारीच तो!

ही सवलत आपसूक मिळत नाही. दर खेपेला सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातच बनल्याचा दाखला, काढायचं, सूत कोणाचं, रंगवलं कुठं याची बिलं जपायची, मालाचा कस्टम्स कोड आणि वजन इनव्हॉइसशी जुळवायचं. आमच्या अकाउंटंट ताई हे सगळं बघतात. त्या रजेवर असल्या की कंटेनर न्हावा शेवाला पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या कराराचे नियम वेगळे, जपानचे वेगळे. मोठ्या गिरण्या यासाठी माणसं ठेवतात, आम्ही कुठून ठेवणार?

2019 मध्ये भारत आरसेपमधून, म्हणजे चीनसह आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या बोलण्यांतून, बाहेर पडला, ते मला आजही पटतं. चीनच्या स्वस्त मायक्रोफायबरपुढे (कृत्रिम धाग्याच्या टॉवेलपुढे) सोलापूरचे माग टिकले नसते. पण म्हणून दारं लावून बसणंही परवडणारं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर आधी 25 आणि मग आणखी 25 टक्के आयातशुल्क चढवलं, तेव्हा तिथल्या गिऱ्हाईकानं तयार मालावर सूट मागितली आणि पुढची ऑर्डर थांबवली. मागावर चढलेल्या बीमचं, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळाचं, करायचं काय? कशीबशी ती आखाताच्या मापात विणून काढली.

त्याच्या महिनाभर आधी, 24 जुलैला, ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या होत्या. तेव्हा तिथं आमच्या टॉवेलवर ड्यूटी लागायची, तर पाकिस्तान-बांगलादेशच्या मालाला शून्य. ही दरी बुजली तर अमेरिकेचा खड्डा बराचसा भरून निघेल, असा माझा हिशोब आहे. सध्या मँचेस्टरच्या एका आयातदाराला 500 जीएसएमची (चौरस मीटरला 500 ग्रॅम वजनाची) सॅम्पलं पाठवलीत. त्यानं भाव दोन मागितलेत, ड्यूटीसकट आणि ड्यूटीशिवाय.