ड्युरँडचं जंगल रंगवताना

अमेरिकी चित्रकार अ‍ॅशर ड्युरँडचं ‘इन द वुड्स’ हे चित्र मी अभ्यासाला घेतलं, कारण त्यात काहीच घडत नाही. माणूस नाही, डोंगर नाही. दोन्ही बाजूंनी आत झुकलेली झाडं, खाली ओहोळ, आडवे पडलेले कुजके ओंडके आणि मागे झाडीतून झिरपणारा उजेड. १८५५ सालचं हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. उंची १५४ सेंटिमीटर. म्युझियमच्या वेबसाइटवरून त्याचा मोठा फोटो फुकट मिळतो, म्हणून निम्म्या आकाराच्या कॅनव्हासवर घरीच काम सुरू केलं.

रंगाआधी पेन्सिल, हे त्याचंच सांगणं. त्याच वर्षी ‘द क्रेयॉन’ या नियतकालिकात त्याने निसर्गचित्रणावर पत्रं लिहिली आणि नवशिक्यांना आधी रेषेवर हात बसवायला लावलं. तो स्वतः मूळचा छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा. चित्रकार ट्रम्बुलच्या ‘डिक्लरेशन ऑफ इंडिपेंडन्स’ या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरच्या चित्रावरून केलेल्या तांब्याच्या ठशाने त्याचं नाव झालं होतं. फांद्यांची गुंतागुंत रेखाटताना तो हात जाणवतो. एकही फांदी उगाच फिरवलेली नाही.

खरी कसोटी हिरव्याची. ट्यूबमधला तयार हिरवा लावला की जंगल बागेसारखं दिसतं. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि यलो ऑकर हा मातकट पिवळा, यांत प्रशियन ब्लू या गडद निळ्याचा जेमतेम थेंब घातला, तेव्हा सावलीतली पानं जमायला लागली. पुढचा ओंडका तर जवळजवळ सगळा तपकिरीच. शेवाळ फक्त वरच्या अंगाला, तेही ठिपक्याठिपक्यांनी. साल सुटलेल्या जागी करडा, आणि भेगेत अंबरची गडद रेघ. या एका ओंडक्यावर मी सगळ्यात जास्त रमलो. सगळं चित्र शांत वाटतं ते या मेलेल्या लाकडामुळे, असं माझं ठाम मत झालंय. तिथे कुणी झाडलोट केलेली नाही, पडलेलं झाड पडल्या जागी मातीला मिळतंय.

मधूनमधून वही-पेन्सिल घेऊन म्युझियममध्ये जात होतो. मूळ चित्रासमोर उभं राहिलं की अंधाराच्या आतही खोडं दिसतात. स्क्रीनवर तिथे नुसता काळा पट्टा येतो. त्या सावल्या मग पातळ थरांनी चढवल्या. आधी टर्पेंटाइन घातलेला पातळ रंग, तेलकट थर शेवटी, नाहीतर पुढे तडे जातात. थरांमध्ये वाळायला वेळ द्यावाच लागतो.

वॉर्निश काही महिन्यांनी. तोवर त्याचंच १८४५ सालचं ‘द बीचेस’ हाती घेतोय. त्यात मेंढपाळ आहे, कळप आहे. एवढी वर्दळ असूनही जंगल निवांत कसं राहिलं, ते काढून बघायचंय.