आमची वाटचाल : दोन काट्यांची बाग

"फळं पाहुण्यांनाच तोडू द्यायची, हे सुचलं कुठून?" सोलापूरजवळच्या आमच्या बोरांच्या बागेत आलेला प्रत्येक जण हे विचारतो. खरं सांगायचं तर लेकीच्या बाळंतपणात.

२०१८ च्या जूनमध्ये मी न्यू जर्सीला गेले. लेकीला आठवा महिना होता. जुलैतल्या एका रविवारी जावई म्हणाले, "आई, आज शेतावर जाऊ." मनात आलं, सोलापुरातून एवढं विमानाने यायचं आणि इथेही शेतच बघायचं का! पण गेलो. हॅमंटन गावाच्या बाजूला ब्लूबेरीची शेती. गेटवर एका मुलीने आमच्या कमरेला दोरीने बादल्या बांधल्या आणि तोडायचं कसं ते दाखवलं. फळ ओढायचं नाही, घोसावरून नुसता अंगठा फिरवायचा. पिकलेलं असेल ते आपणहून बादलीत पडतं. देठाशी लाल कडा दिसली तर ते फळ राहू द्यायचं, कारण तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही. फळावर पांढरट थर होता. जावई तो पुसायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "अहो, राहू द्या. आपल्या द्राक्षावर असतो तसाच आहे, औषधाचा नाही."

दीड तास तोडत होतो. तोडता तोडता खाल्लं किती, ते कुणी विचारलं नाही. जाताना बादली काट्यावर ठेवली, वजनाचे पैसे दिले, झालं. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच हिशोब चालू झाला. तोडणीची मजुरी नाही, कॅरेट नाही, गाडीभाडं नाही, अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही. उलट तोडणारेच पैसे देतात आणि वर फोटो काढून घेतात!

जावयांनी परतताना त्या पिकाची गोष्ट सांगितली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ब्लूबेरी रानातच उगवायची. फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या शास्त्रज्ञाने शोधून काढलं की तिला आम्लधर्मी माती लागते. त्याचं लिखाण वाचून १९११ मध्ये त्याच भागातल्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी त्याला आपल्या शेतावर बोलावलं. रानातली मोठ्या फळाची झुडपं दाखवणाऱ्या गावकऱ्यांना त्या पैसे द्यायच्या आणि झुडपाला त्या माणसाचंच नाव ठेवायच्या. १९१६ मध्ये त्यांचा पहिला माल बाजारात गेला. मला ती बाई फार आवडली. चांगलं झाड कुठे आहे ते कायम रानात फिरणाऱ्यालाच ठाऊक असतं, हे तिला कळलं होतं.

घरी आले तर ह्यांचा पहिला प्रश्न, "रोपं आणलीस का?" ब्लूबेरीला मातीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साडेचार ते साडेपाच लागतो. आमची अक्कलकोट रोडची जमीन काळी, चुनखडीची, पीएच आठाच्या वर. पीएच उतरवायला गंधक कितीही टाका, चुनखडी त्याला पुरून उरते. शिवाय त्या झाडाला थंडीची झोप हवी आणि आमच्याकडे मे महिन्यात सावलीसुद्धा तापते. ते खूळ तिथेच सोडलं.

आमच्याकडे होती बोरं. सासऱ्यांच्या हातची दोन एकर, उमराण आणि कडाका या जातींची. कमी पावसाच्या या जिल्ह्यात माणसाला न विचारता जगणारं झाड. पण भाव? एका वर्षी अडत्याकडून विक्रीच्या हिशोबाची पट्टी आली ती बघून सासरे काहीच बोलले नाहीत. पट्टीतून उरलेली रक्कम तोडणीच्या मजुरीपेक्षा कमी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी वीस झाडं पाडायला माणूस सांगितला. झाडं वाचली ती त्या माणसाला यायला उशीर झाला म्हणून.

त्याच बागेत २०१९ च्या जानेवारीत आम्ही पहिला रविवार लावला. प्रवेश फुकट, खा हवं तेवढं, नेलेल्या मालाचे पैसे. माणसं आली, पोटभर जेवल्यासारखी बोरं खाल्ली आणि अर्धा किलो घेऊन गेली. एक काका तर डबा उघडून म्हणाले, "ताई, मीठ-तिखट आहे का?" आता माणशी शंभर रुपये घेतो आणि त्यात अर्धा किलो देतो. मीठ-तिखट मात्र फुकट!

खरा त्रास हिशोबाचा नव्हता, हातांचा होता. शहरातल्या माणसाला बोर म्हणजे दगड मारायचा किंवा फांदी हलवायची, एवढंच माहीत. फांदी हलवली की पिकलं, कच्चं, सगळं खाली येतं. आमच्या बागेत पहिल्यापासून असलेल्या मावशींना मी गेटवर बसवलं. त्यांचं शिकवणं दोन वाक्यांचं: "हिरवं तोडलं तर सुपारी चावल्यागत लागतंय. पिवळं बघा, जरा पिळा, आपसूक हातात येतंय." उमराणचं बोर चॉकलेटी पडलं की वेळ गेली, हेही त्याच सांगतात. बोरीचे काटे मात्र कुणाला शिकवावे लागत नाहीत.

बांधावरच्या सीताफळांची गंमत उलटी. डोळे उघडले की तोडायचं, पण खायचं दोन-चार दिवसांनी. पाहुण्यांना तेवढा धीर नसतो. झाडाखालीच फोडून बघतात आणि "कडक निघालं" म्हणून तक्रार करतात. डाळिंबात तर मी कुणालाच सोडत नाही. २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, म्हणून लोकांना तीच बाग बघायची असते. पण तेल्या हा डाळिंबाचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जायला हात आणि कात्री पुरते. पाहुणे रुसतात. रुसू देत.

कोरोनाच्या वर्षी गेट बंद राहिलं आणि माल पुन्हा बाजारात गेला. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

धंदा खरा उभा राहिला तो बोरन्हाणामुळे, आणि ते आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. एक बाई नातवाच्या बोरन्हाणासाठी पाच किलो बोरं तोडायला आल्या आणि म्हणाल्या, "इथेच झाडाखाली घालू का?" हलव्याचे दागिने त्यांनी आणले होते. ऊस, हरभऱ्याचे घाटे आणि चुरमुरे आम्ही दिले. त्यांच्या सोसायटीतून पुढच्या आठवड्यात तीन घरं आली. आता संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे शनिवार-रविवार आधीच भरतात. सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला बाहेरगावाहून आलेले पाहुणेही सकाळी इकडे वळतात. दुपारी मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीचा हुरडा, शेंगाचटणी आणि ताक असतं. पण हुरडा तर सोलापुरात सगळेच देतात.

गेल्या वर्षी आम्ही सहा माणसं कामावर ठेवली. तोडणीच्या बायका होत्या त्याच आता गटागटाने पाहुण्यांना झाडाझाडाशी नेतात. मजुरी दिवसाची मिळते, किलोवर नाही. छाटणी एप्रिल-मेमध्ये, फळमाशीचे सापळे पावसाळ्यानंतर, हे सगळं ह्यांच्याकडे. काटा आणि वही माझ्याकडे.

यंदा बाग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उघडतो आहोत. येताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घाला. रेशमी साडी नेसून आलात तर मावशी तुम्हाला कडेच्या दोन झाडांपलीकडे जाऊ देणार नाहीत, आणि त्यांचा शब्द मला मोडता येत नाही.